तारणाची तारीख

चोपडा तालुक्याच्या गावोगावी अलीकडे एक प्रश्न विचारला जातो: "तुमचे तारण कोणत्या तारखेला झाले?" विचारणारे बहुधा बाहेरगावचे उपदेशक असतात. संध्याकाळी एखाद्या अंगणात ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना होते, आजाऱ्यांवर हात ठेवले जातात आणि शेवटी जमलेल्यांना सांगितले जाते की, आज मनापासून येशूला तारणारा म्हणून स्वीकारा, म्हणजे स्वर्गातील तुमची जागा कायमची निश्चित झाली. यापुढे ती कोणी, तुम्ही स्वतःसुद्धा, घालवू शकत नाही. आमच्या धर्मग्रामातील साधी माणसे या प्रश्नाने गोंधळतात. त्यांच्या स्नानसंस्काराची तारीख नोंदवहीत असते. तारणाची तारीख त्यांना सांगता येत नाही. ती सांगता येत नाही हेच योग्य आहे, असे आमचे म्हणणे आहे.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार पांडित्य लागत नाही. केळी निसवली म्हणून घड कापून गाडीत भरला, असे कोणी म्हणत नाही. कांदेबाग असो की मृगबाग, वैशाखातल्या एका वादळाने रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत उभ्या बागा आडव्या झालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लागवड खरी होती, पाणी खरे होते, घडही खरा होता.

या उपदेशकांचा आधार अगदीच पोकळ आहे असे मात्र नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय ते उघडतात. आपल्या मेंढरांना आपल्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही, असे प्रभू तेथे म्हणतो. वचन खरे आहे आणि आम्हांला ते त्यांच्याइतकेच प्रिय आहे. पण हिसकावणे वेगळे आणि आपल्या पायांनी निघून जाणे वेगळे. त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य प्रभूला सोडून जातात. तो त्यांना बांधून ठेवत नाही. उलट बारा जणांकडे वळून, तुम्हांलाही जायचे आहे काय, असे विचारतो. ज्यांना जाता येतच नाही, त्यांना असा प्रश्न कोण विचारील?

आणि देमास? पौलाने दोन पत्रांत त्याचे नाव आपल्या सोबत्यांमध्ये घेतले आहे. एकात तर त्याला सहकारी म्हटले आहे. तिसऱ्या पत्रात मात्र जगाच्या मोहाने त्याने आपल्याला सोडल्याचे दुःखाने लिहिले आहे. देमास कधी ख्रिस्ती नव्हताच, असे पौल म्हणत नाही. इतरांना उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये म्हणून तो आपल्या देहाला काबूत ठेवतो. पौलाला जी धास्ती होती, ती या उपदेशकांना नसावी, हे आम्हांला नवलाचे वाटते.

या शिकवणीतले खरे विष पुढे आहे. तारण गमावता येत नाही असे एकदा ठरले, की जो गळाला त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे ठरलेले उत्तर असे की, तो मुळात खरा विश्वासी नव्हताच. हे उत्तर नवे नाही; कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८-१९ साली हॉलंडमधील डॉर्ट येथे भरलेल्या सभेत या मताला नेटका आकार दिला. आता हे उत्तर एखाद्या आईच्या कानांवर कसे पडते ते पाहा. तिचा मुलगा वेदीसेवक होता, दृढीकरणाच्या दिवशी आनंदाने रडला होता. पुढे कामासाठी सुरतेला गेला, दारूला लागला, चर्च सुटले. तिला सांगायचे, की त्याचे ते रडणे खोटे होते? त्याची पहिली कम्युनियन हे नाटक होते? अशा मातांना आम्ही सांगतो, की बाई, तुमच्या मुलाला मिळालेली कृपा खरी होती. त्याने ती सोडली. सोडणाऱ्याला परत येता येते. मोनिकेने आपल्या मुलासाठी कित्येक वर्षे अश्रू ढाळले आणि इ. स. ३८७ च्या पुनरुत्थान जागरणविधीत मिलान येथे ऑगस्टिनचा स्नानसंस्कार झाला. तिने मुलाला ओढून आणले नव्हते.

जपानच्या ख्रिस्तसभेत याचा कस लागला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले, हे आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. त्या सव्वीस जणांना भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेले होते. श्रद्धा नाकारली तर सुटका, हा मार्ग त्यांतल्या बारा वर्षांच्या लुई इबाराकीलाही अखेरीस देऊ केला होता. वाटेतले प्रत्येक पाऊल म्हणजे नव्याने घेतलेला निर्णय होता. १६३३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच नागासाकीत येशूसंघाचे दोन धर्मगुरू एकाच वेळी खड्ड्यात उलटे टांगले गेले. ज्युलियन नाकाउरा हे लहानपणी गोव्यावरून रोमला जाऊन आलेले; ते चौथ्या दिवशी प्राण सोडेपर्यंत टिकले आणि २००८ साली धन्य घोषित झाले. दुसरे क्रिस्तोव्हाँव फेरेरा, जपानमधील संघाचे प्रमुख. त्यांनी काही तासांत श्रद्धा नाकारली. छळाच्या त्या खड्ड्याबाहेर बसून त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ज्याने तीन दशकांहून अधिक काळ संघव्रत पाळले आणि जीव मुठीत धरून लपतछपत मेंढरे राखली, तो कधी ख्रिस्ती नव्हताच, असे म्हणायला जीभ कशी धजावते? परतण्याचे दार त्यांच्यासाठी अखेरच्या श्वासापर्यंत उघडे होते.

इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा आपल्या महाराष्ट्रात सर्वांत सुंदर रीतीने दोन माणसांनी जगून दाखवला, आणि ती दोघे आपल्या ख्रिस्तसभेची नव्हती, हे मोकळेपणाने सांगायला हवे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या घराने काय सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पत्नी पुढे टिळकांजवळ राहायला आली तरी तिचा धर्म तिच्यापाशीच राहिला. टिळकांनी नवरेपणाच्या जोरावर तो बदलला नाही. आणि स्वतःच्या विचाराने आलेल्या या बाई अशा टिकल्या, की १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. मोकळ्या मनाने आलेला माणूस मोकळ्या मनानेच राहतो. येताना इच्छा स्वतंत्र आणि आत आल्यावर ती कायमची जायबंदी, हा कुठला न्याय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात सांगितले, की श्रद्धेची कृती स्वभावतःच स्वतंत्र असते. आपल्या संविधानाचा २५ वा अनुच्छेदही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रथम उच्चारतो. आम्ही माणसे फसवून, बांधून आणतो, असा आरोप आमच्यावर सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे नेहमी होतो. एका रात्रीत सही-शिक्का मारून 'कायमचे तारण' वाटणारे त्या आरोपाला खतपाणी घालतात.

पण आपले घर तरी कुठे स्वच्छ आहे? स्नानसंस्काराचा दाखला शाळाप्रवेशासाठी आणि लग्नासाठी कपाटात जपून ठेवणारी, नाताळाला नवे कपडे घालून येणारी आणि पुढच्या नाताळापर्यंत न दिसणारी कुटुंबे 'एकदा तारण, कायमचे तारण' हेच मानतात. फक्त त्यांची तारीख नोंदवहीतली असते. आणि दारूपायी घर बुडवून 'देवाची इच्छा' म्हणणारा गृहस्थ तर दोन्हीकडून सुटतो: पाप देवाचे, तारणही देवाचे, याचे काहीच नाही.

याचा अर्थ आपण आपल्या बळावर टिकतो असा कोणी घेऊ नये. तो पेलाजियसचा मार्ग झाला, आणि इ. स. ४१८ मध्येच कार्थेजच्या परिषदेने तो नाकारला आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी दोन्ही टोके एकाच आदेशात आवरली: कृपेच्या हाताखाली माणसाची इच्छा निर्जीव वस्तूसारखी पडून नसते, आणि अखेरपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे, त्याविषयी कोणीही पक्की हमी बाळगू नये. दान कमावता येत नाही. मागावे लागते, आणि मागणे ही इच्छेचीच कृती आहे. कृपा आणि इच्छा यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर डॉमिनिकन आणि येशूसंघीय पंडित रोममध्ये १५९८ ते १६०७ अशी नऊ वर्षे झुंजले. शेवटी पोप पाचवे पॉल यांनी दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणू नका असे बजावून घरी धाडले. तो वाद आम्ही चोपड्यात मिटवू, असा आमचा दावा नाही. नमो मरियेच्या शेवटी आपण दोनच वेळांसाठी विनंती करतो, आताची आणि मरणाची. उपदेशकांनी तारीख विचारली तर खुशाल या दोन सांगाव्यात.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनी जाण्यापूर्वी पापनिवेदन करून जावे आणि कोणत्या कारखान्याच्या परिसरात पाल पडणार ते आम्हांला कळवावे. तेथील जवळच्या धर्मगुरूंना आम्ही पत्र देऊ. जपमाळ मात्र डब्याबरोबर बांधून घ्यावी. रविवारी चर्च दूर असले तरी कोपीवर पाच दशके होतात.