रोज्याच्या नावावर दुखणे खपवू नका

बारवांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वालूरमध्ये रमजानात एक वाक्य घरोघरी ऐकू येते : ‘रोज्याचे पित्त आहे, ईदनंतर जाईल.’ शेजारच्या घरात हेच एकादशीबद्दल बोलले जाते. पण जळजळ, आंबट ढेकर, दोन घासांत फुगणारे पोट असा त्रास ईदनंतरही वरचेवर होत असेल, तर त्याचे खापर रोज्यावर फोडणे चूक आहे. शिवाय ते धोक्याचेही आहे.

काही त्रास आपणच ओढवून घेतो, हे आधी मान्य करावे. दिवसभर पोट रिकामे आणि अजान होताच भजी, समोसे, सरबत, वर चहा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दोन्ही घरांना सारखीच लागू आहे. सहरी करून लगेच आडवे झाले की जठरातले आम्ल वर चढते. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग सावकाश जेवायचे, ही जुनी रीत पोटाच्याही सोयीची आहे. सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ, दही. रात्रभरात थोडे थोडे पाणी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास. एवढ्याने आराम पडला, तर उत्तमच.

नाही पडला, तर कारण शोधायलाच हवे. कंबर-गुडघ्यांसाठी उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखमा करतात. तंबाखू जळजळ वाढवतो. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, तर दुधातली साखर पचत नसेल.

शिवाय जंतूही असू शकतो. तिखट आणि काळजी यांनीच अल्सर होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जंतू प्यायले आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. भारतात हा जंतू अनेकांच्या पोटात असतो, बहुतेकांना त्रासही देत नाही. जिथे देतो, तिथे शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो सापडतो आणि साधारण चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांनी जातो. दुकानातून आणलेली पित्ताची गोळी मात्र त्याला मारत नाही, उलट तपासणीतून लपवते. म्हणून ही गोळी चालू असेल, तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे.

काळी शौच, रक्ताची उलटी, घटते वजन, गिळताना अडकणे, झोपमोड करणारे दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर ईदची वाट पाहू नये. छातीत दडपण आणि घाम असेल, तर ‘गॅस’ म्हणून ओवा चघळत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठून ईसीजी काढावा.

खरी अडचण औषधाची नाही, ‘लोक काय म्हणतील’ याची आहे. रोजा सोडला तर मोहल्ल्यात बोलणे होईल, या धास्तीने माणसे कळ सोसतात. बायका तर जास्तच. पहाटे सर्वांआधी उठायचे, इफ्तारला सर्वांत शेवटी जेवायचे आणि पोटात दुखते हे कोणाला सांगायचे नाही. कुरआनच्या दुसऱ्याच सूरेत आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे. जी सवलत अल्लाहने दिली, ती घरातल्यांनी नाकारू नये. जुम्याच्या बयानात इमामांनी हे एकदा सांगितले आणि घरातल्या पुरुषाने दुखणाऱ्या बाईला स्वतःहून आरोग्य केंद्रात नेले, तर या रमजानात अनेकींचा जीव हलका होईल.