मुलाला आजाराचे नाव सांगा

‘‘हिच्यासमोर नाव घेऊ नका, डॉक्टरसाहेब,’’ बाह्यरुग्ण विभागात वडील हळूच म्हणाले. मुलगी 12 वर्षांची, सिकलसेलची रुग्ण. घरी तिला ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगितलेले. वडील औषधांच्या रांगेत गेले, तसे तिने विचारले, ‘‘मी डबा संपवत नाही म्हणून हातपाय दुखतात का?’’ दुखणे ही आपल्या चुकीची शिक्षा आहे, असे ती मनाशी धरून बसली होती.

विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल नवा नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी हवीच. पण निदान झाल्यावर ते मुलाला कोणी, कधी आणि कसे सांगायचे, याबद्दल आपण आईवडिलांना क्वचितच काही सांगतो.

पालकांची भीती खोटी नाही. मूल घाबरेल, बोभाटा होईल, पुढे लग्न अडेल, असे त्यांना वाटते. पण लपवल्याने मूल अजाण राहत नाही. सलाईन, कुजबुज, आईचे रडणे त्याला दिसतेच; उरलेली जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरते. शिवाय दुखणे शाळेत, मैदानावरही उठते. तिथे आईवडील नसतात. पाणी का प्यायचे आणि ताप अंगावर का काढायचा नाही, हे मुलालाच ठाऊक हवे.

सांगणे एका बैठकीचे काम नाही. चारपाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरे: ‘तुझ्या रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात, म्हणून दुखते. यात तुझी चूक नाही.’ आठ-दहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव, रोजच्या गोळ्यांचे कारण आणि धोक्याच्या खुणा सांगाव्यात: ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, एका बाजूची शक्ती जाणे. यांपैकी काहीही झाले तर लगेच मोठ्यांना सांगायचे आणि दवाखाना गाठायचा.

वयात येताना आनुवंशिकता समजावावी. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले, असे होत नाही. सदोष जनुक दोघांकडूनही आलेले असते; त्यामुळे एकट्या आईला बोल लावणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी का हवी, हेही याच वयात बोलावे.

कळा येत असताना हे बोलणे काढू नये. ‘तुला काय वाटते, असे का होते?’ असे आधी विचारावे. उत्तर येत नसेल, तर ‘डॉक्टरांना विचारू’ म्हणावे. ‘मी मरेन का?’ या प्रश्नावर दटावू नये. आजार गंभीर आहे, पण वेळेवर उपचार घेणारी अनेक मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, हे खरे उत्तर द्यावे. बहीणभावांनाही विश्वासात घ्यावे.

दोष फक्त पालकांचा नाही. आम्ही डॉक्टर मुलाच्या डोक्यावरून आईवडिलांशी बोलतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. गर्दी हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. प्रत्येक सिकलसेल रुग्णालयात समुपदेशक हवा आणि मुलाच्या केसपेपरवर हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी आणखी एक नोंद हवी: ‘मुलाला सांगितले का?’

त्या मुलीला आम्ही वडिलांच्या उपस्थितीत सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर ती वडिलांकडे वळून म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्यामुळे नाही?’’ वडिलांना बराच वेळ बोलता आले नाही.