बन्नीचे गवत आणि वेडी बाभूळ

कच्छच्या रणाला लागून असलेला बन्नीचा सुमारे 2,500 चौरस किलोमीटरांचा सपाट प्रदेश 1955 पासून कागदोपत्री संरक्षित वन आहे. मालधारी पशुपालकांच्या लेखी मात्र ते कुरणच. बन्नीच्या आजच्या दुरवस्थेचे मूळ या दोन दृष्टींतील अंतरात शोधावे लागते.

रणाचा खारेपणा पुढे सरकू नये, म्हणून 1960 च्या दशकात येथे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा लावण्यात आली. हेतू वाईट नव्हता. ‘झाड नाही ती जमीन ओसाड’ हे गृहीतक चुकीचे होते. कच्छी लोक या झाडाला ‘गांडो बावळ’ म्हणतात, महाराष्ट्रातील शेतकरी ‘वेडी बाभूळ’. दोन भाषांनी परस्परांना न विचारता तिला एकच विशेषण द्यावे, यातच सारे आले. जनावरे तिच्या गोड शेंगा खातात, बी न पचता शेणावाटे दूरवर पडते आणि पावसाबरोबर रुजते. तिच्या दाटीत जिंजवो (मराठी मुलखातील मारवेल) आणि इतर चराऊ गवते मागे हटली. शेंगा अति खाल्ल्याने कांकरेज गायींना पचनाचे विकार जडतात. म्हशी त्या मानाने तग धरतात. अनेक कुटुंबे गायी सोडून म्हशींकडे वळली, त्यामागे हेही एक कारण आहे.

ती बन्नी म्हैस रात्री चरते आणि पहाटे दुधासाठी वस्तीवर परतते. 2010 मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ही जात प्रयोगशाळेत नव्हे, मालधाऱ्यांच्या निवडीतून आणि याच कुरणावर घडली. जातीचे जतन करायचे आणि तिचे गवत मात्र जाऊ द्यायचे, हे धोरण विसंगत आहे.

बाभूळ नुसती वरून तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते. ती मुळासकट काढावी लागते, मोकळ्या जागेत स्थानिक गवताचे बी टाकून चराई काही काळ थांबवावी लागते आणि नवी रोपे वर्षानुवर्षे उपटावी लागतात. एवढी चिकाटी ठेकेदाराकडून अपेक्षिणे व्यर्थ; ती तेथे गुरे चारणाऱ्याकडेच असू शकते. म्हणूनच वनहक्क कायद्याखालील सामूहिक हक्कांचा प्रश्न हा कुरण-व्यवस्थापनाचाही प्रश्न ठरतो. बाभळीच्या कोळशावर आज अनेकांची चूल पेटते, याचाही हिशेब योजनेत आधीच मांडला पाहिजे.

इतरत्र गायरानांवर वृक्षलागवडीची उद्दिष्टे येतात, तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांनी खड्डे घेण्यापूर्वी एक पावसाळा थांबून तेथे कोणकोणती गवते उगवतात, याची गुराख्यांसोबत नोंद करावी.