नाव कोणाच्या खात्यावर?

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्या हळदीची अडत करणाऱ्या एका घरातील मुलगी सध्या संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. घरात तिच्या शिक्षणाचे वर्णन ‘कॉम्प्युटर करते’ एवढ्या दोन शब्दांत होत असे. व्यापारी कुटुंबांत असे होणे स्वाभाविक आहे. मुलगा सी.ए. करीत असेल तर त्याच्या विद्येचा उपयोग दुकानाच्या उंबरठ्यावरूनच दिसतो. वेब तंत्रज्ञान आणि नेटवर्किंग यांचे तसे नाही. आजोबांना, म्हणजे घरातल्या सर्वांच्या आप्पांना, वाटे की नात टंकलेखनाचीच सुधारलेली आवृत्ती शिकते आहे. वडिलांना वाटे की पुढेमागे ती पुण्याच्या एखाद्या कंपनीत लागेल. या विद्येचा आपल्या गादीशी आणि बाजारातल्या आपल्या नावाशी काही संबंध असेल, असे दोघांच्याही मनात आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात तो संबंध अचानक उघड झाला. पण त्याआधी ती नेमके काय शिकत होती, हे पाहिले पाहिजे.

आरंभ वेब पान लिहिण्यापासून झाला. एचटीएमएल ही फार अवघड भाषा नव्हे. कोणता मजकूर शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता दुवा, एवढे ठरावीक खुणांनी सांगायचे असते. तिने दुकानाच्या हळदीवर एक पान लिहिले, राजापुरी आणि सेलम या जातींचा तक्ता केला, त्याला पिवळी किनार दिली आणि मोठ्या हौसेने त्या पानाचा पत्ता इचलकरंजीच्या मामेभावाला पाठवला. त्याच्या फोनवर काहीच उघडेना. पत्ता होता ‘लोकलहोस्ट’, म्हणजे १२७.०.०.१. या पत्त्याचा अर्थच मुळी ‘हे यंत्र स्वतः’ असा आहे. तिच्या यंत्रावर तो तिच्या पानाकडे नेत होता आणि मामेभावाचा फोन ते पान स्वतःच्याच पोटात शोधत होता! दुसऱ्या दिवशी सरांनी हे ऐकले, तेव्हा ते हसले नाहीत. दरवर्षी वर्गातला कोणी ना कोणी हीच चूक करतो, असे म्हणून त्यांनी एवढेच सांगितले की माल तयार करणे वेगळे आणि तो गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवणे वेगळे.

पोहोचवण्याचा अभ्यास तारेपासून सुरू झाला. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या. हा पीळ बांधणीच्या सोयीसाठी नसतो. आसपासच्या विजेचा उपद्रव जोडीतल्या दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो आणि दुसऱ्या टोकाला दोहोंतला फरक तेवढा मोजला की तो उपद्रव वजा होतो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम पाठ करून तारा खाचेत सारायच्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीत दाबायच्या. तिची पहिली केबल वाया गेली. निळी आणि हिरवी यांची अदलाबदल झाली होती, आणि तपासणीच्या डबीवरचे दिवे क्रमाने लागेनात. दुसरीत एक तार खाचेच्या तळाशी पोहोचलीच नव्हती. तिसरी साधली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बोटांची टोके लाल झाली होती. नात हातानेही काही काम शिकते, हे पाहून आप्पांना प्रथमच या विद्येबद्दल कुतूहल वाटले.

त्या घरात सायंकाळचे जेवण दिवस मावळण्याआधी आटोपते, त्यामुळे पुढचा वेळ मोकळा असतो. अशाच एका संध्याकाळी आप्पांनी विचारले, “मी इथून मुंबईला फोटो धाडतो, तो सबंध जातो का गं?”

“नाही आप्पा. दोनशे पोत्यांचा माल समजा. एका गाडीत मावत नाही, म्हणून पोती वेगवेगळ्या गाड्यांनी निघाली. प्रत्येक पोत्यावर अनुक्रमांक घातला. मुंबईत उतरवून घेणारा पोती क्रमाने लावतो आणि सत्तेचाळीस नंबर आला नाही, तर तेवढंच पुन्हा मागवतो.”

“आणि गाडीवाल्याला सगळा रस्ता ठाऊक असतो?”

“कुणालाच नसतो. प्रत्येक नाक्यावर पुढचा नाका कोणता, एवढंच ठाऊक.”

या पोत्यांना ‘पॅकेट’ म्हणतात आणि नाक्यांना ‘राउटर’. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. २९ ऑक्टोबर १९६९ या दिवशी ‘अर्पानेट’वरून पहिला संदेश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील केंद्रातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे निघाला. शब्द पाठवायचा होता ‘लॉगिन’. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. पोती मोजून घेण्याचा आणि हरवलेले पुन्हा मागवण्याचा नियम, म्हणजे टीसीपी, व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ च्या लेखातून आला आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने तो स्वीकारला. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. परीक्षेला या तारखा लागतात म्हणून मुले त्या घोकतात. ज्या वाटेवर पहिल्याच दिवशी दोन अक्षरांपुढे गाडी गेली नाही, त्याच वाटेवर आज बाजारपेठेचे पैसे फिरतात, याचा विचार मात्र घोकताना सुचत नाही.

आप्पांना सर्वांत आवडली ती नाके मोजण्याची युक्ती. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की पॅकेट तेथेच टाकून दिले जाते आणि तसे पाठवणाऱ्याला कळवले जाते. ही सोय नसती, तर वाट चुकलेले पॅकेट नेटवर्कमध्ये अनंत काळ फिरत राहिले असते. ‘ट्रेसराउट’ ही आज्ञा याच सोयीचा लाभ घेते: आधी एक आकडा घालून पॅकेट पाठवायचे, मग दोन, मग तीन, जेथे जेथे ते संपते तेथून निरोप येतो आणि वाटेवरचे नाके एकेक करून उमटतात. पहिली ओळ घरच्याच राउटरची होती, १९२.१६८.१.१. पुढे काही ओळींत नुसत्या चांदण्या होत्या. ते राउटर उत्तर देत नाहीत. “म्हणजे बिल्टीवर शिक्का न मारणारेही आहेत,” आप्पा म्हणाले.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. घरात ‘बाळ’ म्हटले की कोण ते कळते. बाजारात त्या हाकेला शंभर जण वळतील. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून घरातली सारी यंत्रे बाहेर पडताना एकाच सार्वजनिक पत्त्याने ओळखली जातात. पण आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली आणि नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था आली. तिला डीएनएस म्हणतात. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. ही व्यवस्था नाव उजवीकडून वाचते. आधी ‘डॉट इन’चे दप्तर कोठे आहे हे विचारले जाते, मग त्या दप्तरात अमुक नाव कोणाकडे आहे हे. बँकेच्या नावाने आरंभ होऊन भलत्याच नावाने संपणारा पत्ता बँकेचा नसतो, तो त्या शेवटच्या नावाच्या धन्याचा असतो. मात्र तिरकी रेघ आल्यावर पुढे जे येते, ते केवळ पानाचे ठिकाण. नाव तिच्या अलीकडे संपते. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावी, इतकी मोलाची आहे.

सरांनी गृहपाठ दिला: ओळखीचे एखादे नाव घेऊन त्याची नोंद तपासा. ‘हूइज’ नावाच्या शोधातून हे करता येते. तिने अर्थातच दुकानाचे नाव टाकले. आठ वर्षांपूर्वी एका होतकरू तरुणाने दुकानाचे संकेतस्थळ करून दिले होते. तेच नाव बिलावर, हळद-मिरचीच्या पाकिटांवर आणि ईमेलच्या पत्त्यात छापलेले होते. नोंदीत धन्याचे नाव झाकलेले होते, जसे आता पुष्कळदा असते. पण तारखा स्पष्ट होत्या. मुदत संपायला तेवीस दिवस उरले होते.

तिने रात्री जेवणानंतर हे सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, “पण नाव आपण विकत घेतलं होतं.”

“विकत मिळतच नाही, अण्णा. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. मुदत भरली आणि सवलतीचे दिवसही उलटले, की ते कुणालाही घेता येतं.”

आप्पा कोपऱ्यात वही चाळत होते. त्यांनी मान वर केली. “म्हणजे पागडीसुद्धा नाही, नुसतं भाडं. मग भाडेपावती कुणाच्या नावाची आहे?”

या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नव्हते. कपाटात त्या तरुणाला दिलेल्या पैशांची एक पावती निघाली, बाकी काही नाही. नोंदणीचे खाते त्याचे, खात्यातला ईमेलचा पत्ता त्याचा आणि मुदतीची स्मरणपत्रेही त्यालाच जात असणार. त्याचा फोन क्रमांक बदललेला होता.

वडिलांना प्रथम वाटले की संकेतस्थळ गेले तर गेले; ते तरी कोण पाहते? मुलीने समजावले की भीती संकेतस्थळाची नाही. नाव ज्याच्या हाती, त्या नावाने येणारे ईमेलही त्याच्याच हाती. मुंबईच्या निर्यातदाराचे पत्र, कोलकात्याच्या व्यापाऱ्याची मागणी, सारे नव्या धन्याच्या पेटीत पडेल; आणि त्याने त्याच पत्त्यावरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ एवढी एक ओळ पाठवली, तर समोरच्याला संशय येण्याचे कारणच उरणार नाही.

“पण ते कुलपाचं चिन्ह असतं ना?” वडिलांनी विचारले.

आप्पांना यासाठी हुंडीची आठवण झाली. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या पत असलेल्या असामीच्याच हाती द्यायचे, वाटेल त्याला नाही. कुलपामागे असणारे प्रमाणपत्रही वरवर तसेच दिसते. ब्राउझरला विश्वासाच्या काही संस्था ठाऊक असतात आणि त्या हमी देतात. मात्र ती हमी पत पाहून दिली जात नाही. हे नाव या क्षणी या माणसाच्या ताब्यात आहे आणि मधल्या वाटेवर कोणी मजकूर वाचू शकणार नाही, इतकेच ती सांगते. उद्या नाव दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर त्यालाही तसेच कुलूप मिळेल, आणि ते खोटे नसेल. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. साठ वर्षे त्यांनी बाजारात नाव सांभाळले होते.

त्या तरुणाच्या वडिलांचा पत्ता मार्केट यार्डातल्या एका हमालाने दिला. तरुण आता बंगळुरूला नोकरीत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. ‘तूच सांभाळ रे सगळं’ असे त्याला अण्णांनीच सांगितले होते. त्याने तसे सांभाळलेही होते, फक्त स्मरणपत्रे ज्या जुन्या पेटीत येत, ती त्याने वर्षभर उघडली नव्हती. तिची किल्ली सापडायला चार दिवस गेले. तेवढे चार दिवस अण्णा दुकानात कमी बोलले.

आधी मुदत वाढवली आणि मग नाव पेढीच्या स्वतःच्या खात्यावर आणले. या वेळी एका गोष्टीवर मुलगी अडून बसली: स्मरणपत्रांसाठी दिलेला ईमेल त्याच नावाचा असता कामा नये. नाव बंद पडले तर ते बंद पडल्याचे पत्रही त्याबरोबर अडकून पडेल. घराची किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखेच ते.

दुकानात एक जाड वही आहे. तिच्यात बाजार समितीचा परवाना, जी.एस.टी.चा क्रमांक, गोदामाचा विमा आणि वजनकाट्याचे मुद्रांकन, यांच्या तारखा आप्पा स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतात. या वेळी त्यांनी लेखणी नातीकडे दिली. वजनकाट्याच्या खालच्या ओळीत तिने पेढीचे वेबवरचे नाव, नोंदणी कोठे आहे ते आणि पुढील मुदत लिहिली. आप्पांनी चष्मा सरळ करून ते उजवीकडून वाचून पाहिले.

मग वही मिटत त्यांनी विचारले, “आणि आपल्या बोर्डिंगचं नाव कुणाच्या खात्यावर आहे?”

तिने तेथेच फोनवर नोंद पाहिली. तारीख दिसली. मग दोघेही चपला घालून सेक्रेटरींच्या घराकडे निघाले.