तव्यावरचा पिझ्झा

मुलांनो, आज तुम्हाला माझी एक फजिती सांगते. भाचरांसाठी मी पहिल्यांदा पिझ्झा केला, तेव्हा त्यावर कच्चाच खिमा पसरला आणि तवा गॅसवर ठेवला. खालून पोळी करपली, वर चीज वितळले, पण खिमा? तो कच्चाच! सगळा पिझ्झा फेकावा लागला. पोरांनी मुकाट्याने वरणभात खाल्ला.

चुकले कुठे? पिझ्झाचे माहेर म्हणजे इटलीतले नेपल्स शहर. तिथल्या लाकडाच्या भट्टीत 400 अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता असते, तीही चहूबाजूंनी! पिझ्झा दीड मिनिटात तयार. आपला तवा मात्र फक्त खालून तापतो. म्हणून वरचे मांस आधीच शिजवायला हवे.

साहित्य : 2 वाट्या मैदा, 1 लहान चमचा कोरडे यीस्ट, 1 चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, 2 चमचे तेल, 150 ग्रॅम चिकन खिमा, 2 टोमॅटो, 1 कांदा, 1 ढोबळी मिरची, आले-लसूण, तिखट, किसलेले चीज.

कृती : कोमट पाण्यात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. फेस आला की समजा, यीस्ट जिवंत आहे. (पाणी कडकडीत नको हं, यीस्ट मरते!) त्यात मैदा, मीठ, तेल मळून तासभर झाका. पीठ फुगून दुप्पट होईल.

तोवर आईबाबांच्या मदतीने खिमा आले-लसूण, तिखट, मीठ घालून शिजवा. गुलाबी रंग अजिबात राहता कामा नये आणि पाणी पूर्ण आटायला हवे. कच्च्या खिम्याला हात लागला, तर साबणाने धुवा. टोमॅटो शिजवून घट्ट चटणी करा. भाज्या पातळ चिरा.

पिठाच्या दोन जाडसर पोळ्या लाटा. एक पोळी मंद आचेवर एका बाजूने भाजा, मग उलटा. भाजलेल्या बाजूवर चटणी, खिमा, भाज्या आणि शेवटी चीज पसरा. झाकण ठेवून सहा-सात मिनिटे थांबा. चीज वितळले की पिझ्झा तयार! दुसराही असाच करा.

खिमा खात नसाल, तर पनीर घाला.

परवा भाचरांनी दोन्ही पिझ्झे फस्त केले. वरणभात तसाच उरला! तुमचा कसा झाला, ते मला नक्की कळवा हं.