अंबरखाना, अंधारबाव आणि आरोग्याचा हिशेब

पन्हाळगडावर पाऊल ठेवणारा मराठी माणूस बाजीप्रभू आणि शिवा काशिद यांच्या स्मरणाने नतमस्तक होतो. ते सर्वथा उचितच आहे. परंतु गडावरील अंबरखाना आणि अंधारबाव या दोन वास्तू मात्र घाईघाईने पाहिल्या जातात. वस्तुतः गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची प्रचंड कोठारे आणि शत्रूला विष कालवता येऊ नये म्हणून इमारतीच्या पोटात दडविलेले पाणी, हेच गडाचे प्राण होते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा सुमारे चार महिने चालला. वेढ्यातला गड तलवारीने लढतो, पण तगतो तो धान्याच्या आणि पाण्याच्या हिशेबावर. हा हिशेब चुकला तर शौर्यही हतबल होते.

हाच हिशेब संपूर्ण समाजासाठी मांडणे हे आरोग्य अर्थशास्त्राचे आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनाचे काम होय. या विद्याशाखांची नावे आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीच एका मराठी संशोधकाने त्यात आयुष्य वेचले. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते संशोधक. लंडनमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक-अंदाजाची शास्त्रशुद्ध पद्धती उभी केली. १९५१ पासून जवळजवळ दोन दशके त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जगाच्या भुकेचे मोजमाप केले.

दोन-तृतीयांश जग उपाशी आहे, असे त्या काळी सर्रास बोलले जाई. प्रत्यक्ष पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असल्याचे सुखात्मे यांनी १९६१ साली मांडले. प्रथिनांच्या टंचाईचा जगभर गवगवा झाला, तेव्हा भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनांची गरज बहुधा आपोआप भागते, हे त्यांनी ठामपणे सांगितले. परदेशी भुकटीपेक्षा गरिबाचे ताट भरणे महत्त्वाचे, हा त्याचा सरळ अर्थ. पुण्यास परतल्यावर त्यांनी स्वच्छ पाणी आणि स्वच्छता यांवरही भर दिला. सतत हगवणीने पिडलेल्या मुलाला कितीही अन्न दिले तरी ते अंगी लागत नाही. अंबरखान्याला अंधारबावीची जोड हवीच!

त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वमान्य झाले, असे नव्हे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मोजमाप केले होते. शरीर कमी-अधिक आहाराशी जुळवून घेते, या सुखात्मे यांच्या प्रतिपादनाला दांडेकरांनी कठोर विरोध केला. हा वाद केवळ पंडिती नव्हता. मोजपट्टी जरा सरकली की कोट्यवधी माणसे कागदावरून गरिबीतून बाहेर पडतात, ताट मात्र रिकामेच राहते. म्हणूनच मोजणारा माणूस विद्वान असून भागत नाही, तो सचोटीचाही असावा लागतो.

आज या विद्येची गरज संपली आहे काय? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार कुटुंबे स्वतःच्या खिशातून उचलत होती. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे, तरीही उरलेला भार लहान नाही. पन्हाळ्याच्या एखाद्या वाडीतील रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात येतो, तेव्हा उपचार स्वस्तात झाले तरी सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि प्रसंगी विकलेली म्हैस कोणत्या बिलात लिहिली जाते? ते लिहून काढणे, हेच संशोधन.

मध्यमवर्गीय घरातील हुशार मुलामुलींपुढे आपण डॉक्टर किंवा अभियंता एवढेच पर्याय ठेवतो. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था आहे, पुण्यात १९३० पासून गोखले संस्था आहे. या वाटेवर अभ्यासाची वर्षे अधिक आणि मिळकत बेताची. दारावर दवाखान्याची पाटी लागत नाही, बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन येत नाही. परंतु एक अचूक आकडा हजारो घरांचे कर्ज टाळू शकतो. गडावर लढणाऱ्यांइतकाच कोठारांचा हिशेब ठेवणाराही गडाचा रक्षक असतो. आपल्या घरातून असा एखादा रक्षक घडावा, असे किती पालकांना वाटते?