घोयरा सरडा आणि आपली घाई

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी पोपटखेडकडचा एक शाळकरी मुलगा बुटाचे खोके काखेत घेऊन माझ्या अकोटच्या दवाखान्यात आला. "डाक्टरसाहेब, याले पाहा बरं. आणला तवापासून काही खातच नाही." खोक्यात घोयरा सरडा होता, ज्याला शहरात शॅमेलिऑन म्हणतात. डोळे खोल गेलेले, तोंड उघडे, अंग काळपट. आठवड्यापूर्वी बांधावरच्या बाभळीवरून काढून त्याने तो पाळायला आणला होता. वाटीभर पाणी ठेवले होते, मेलेल्या माश्या टाकल्या होत्या. पोराची माया खरी होती.

पण घोयरा वाटीतले पाणी सहसा पीत नाही; तो पानांवरचे थेंब चाटतो. भक्ष्यही हलणारे लागते. म्हणजे भरल्या वाटीशेजारी हा जीव तहानेने मरत होता. खोल गेलेले डोळे ही त्याचीच खूण. उघडे तोंड उन्हाच्या तडाख्याने असते किंवा फुप्फुसाच्या संसर्गाने. हे प्राणी दुखणे लपवतात, त्यामुळे आपल्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि मग आपण घाई करतो. मीही केली आहे. नवा नवा असताना अशाच एका घोयऱ्याला ड्रॉपरने पाणी पाजले. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्यात पुढेच असते, हे त्या क्षणी सुचले नाही. पाणी फुप्फुसात गेले आणि संध्याकाळी तो दगावला. ती चूक मी विसरलेलो नाही.

या वेळी त्याला सावलीच्या शांत खोलीत कडुनिंबाच्या फांदीवर ठेवले आणि पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तासाभराने जीभ हलली. दरम्यान वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला.

पावसाळा सरल्यावर माद्या अंडी घालण्यासाठी झाडावरून उतरून माती उकरतात. चाल संथ, म्हणून चाकाखाली येतात. नाहीतर 'विषारी आहे' म्हणून काठीखाली. वाचकहो, घोयऱ्याला विष नसते, त्याच्या फुंकरीतही नसते. मांजराने धरलेला असेल तर जखम टिचभर दिसते, पण मांजराच्या दातांतले जंतू जीव घेतात. त्याला प्रतिजैविक लागते आणि तेही पशुवैद्यकाच्या हातून. हळद, तेल, घरातल्या तापाच्या गोळ्या नकोत. फांदीवरून ओढून काढू नये, बोटे दुखावतात. फांदीच कापून भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावी.

हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो पाळता येत नाही. हे मी त्या मुलाला सांगितले, पण शेवटी आणि हळू आवाजात. आमच्यातले काही जण आधी कायद्याचा धाक घालतात, ते मला पटत नाही. धाकाने घाबरलेला मुलगा पुढच्या वेळी दवाखान्यात येणार नाही, खोके नाल्यात टाकून मोकळा होईल. आजारी जीव दारात आला की पहिले उपचार, मग चौकशी.

तिसऱ्या दिवशी वनरक्षकाने सरडा परत नेला. बाभूळ कोणती, हे दाखवायला मुलगा बरोबर गेला होता.